नववी सही

त्रिएस्तेत त्या सकाळी बोरा सुटला होता,
माणसाला उचलून समुद्रात टाकेल असला वारा.
पालिकेने रस्त्याकडेला दोर बांधले होते,
त्यांना धरून नऊ जण चढून आले
नोटरीच्या कचेरीत.
मी तिथे उमेदवार कारकून.

त्यांना धोबीखाना काढायचा होता.
सात जण वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेले,
एक नर्स, एक गवंडी.
ज्या चादरींवर अर्धं आयुष्य निजले
तसल्याच धुऊन, इस्त्री करून, वर बिल लावून
शहराला परत द्यायच्या.

कायदा नवा होता,
पानांना अजून शाईचा वास.
दहातले तीन तरी असे हवेत, तो म्हणत होता,
ज्यांना बाजार दारातूनच परत धाडतो.
नोटरीने चष्म्यातून मोजलं: सात.
"तुम्ही तर गरजेपेक्षा जास्त वंचित," तो म्हणाला
आणि स्वतःच खजील झाला.

निवेसची सही मुंग्यांच्या रांगेसारखी.
फुल्वियोने इतकी दाबली की कागद फाटला.
आठ झाल्या.
ओत्तावियोने टाक उचलला
तेव्हा नोटरीने फाइलमधला जुना हुकूम वाचला.

दाखल करून घेताना
घड्याळ, पट्टा, बुटांच्या नाड्या
आणि सही,
सगळं काढून घेतलं होतं त्याचं.
बावीस वर्षांनी सोडताना
घड्याळ मिळालं, पट्टा मिळाला, नाड्याही.
एका पुस्तकाप्रमाणे तो संस्थेचा सभासद होऊ शकत होता,
दुसऱ्याप्रमाणे अज्ञान, पालक नेमलेला,
वय वर्षे एकोणसाठ.
दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात,
पाठीला पाठ लावून.

नवापेक्षा कमी तर संस्था नाही.
नोटरीने पेनाला टोपण लावलं.
"मी बाहेर थांबतो," ओत्तावियो म्हणाला,
"तुम्ही धुवा."
कुणी हललं नाही.
खिडकीची काच तेवढी थरथरत होती,
आणि निवेस माझ्याकडे बघत होती.

नववी सही माझी.
वर्गणी त्या महिन्याच्या जेवणाच्या पैशांतून.
रुमालसुद्धा मी तिथे कधी धुतला नाही,
पण कागदावर आहे.
कायद्यालाही परीटघडी लागते,
आत काय गुंडाळलंय ते तो नेहमीच विचारतो असं नाही.

पुढच्या हिवाळ्यात न्यायालयाने ओत्तावियोला सही परत केली.
मी माझी जागा देऊ केली.
"दहावा बरा," तो म्हणाला,
"कुणाला लागत नाही तरी आहे."

आता लेक माझी किसुमूला असते, सरोवराकाठी.
तिने लिहिलंय, इथे बायका मासळी सुकवतात, विकतात,
आणि पैसे पत्र्याच्या पेटीत.
पेटीला कुलपं तीन, किल्ल्या तीन घरांत.
नोटरी नाही, शिक्का नाही.
सरकार येतं बाजाराची पावती फाडायला
आणि ऊन उतरायच्या आत निघून जातं.
तरी मागल्या वर्षी याच पेटीतून
दोघींची बाळंतपणं झाली, एक होडी झाली,
एकीचा नवरा पुरला.

एडिनबरोहून कुणी मदत देणार म्हणून फॉर्म आलाय.
संस्थेचा प्रकार? चार चौकोन. एकावर खूण करा.
लेक रात्रभर पेन धरून बसली.
अवुओर, पेटीची दुसरी किल्ली जिच्याकडे,
म्हणाली, "त्यात काय? लिही, तीन कुलपं."
फॉर्म परत आला. अपूर्ण.

हे पत्र मी धोबीखान्यात वाचून दाखवलं.
ओत्तावियो आता फक्त गुरुवारी येतो,
उशांचे अभ्रे तेवढे करतो.
मध्येच त्याने विचारलं,
"आणि पेटी सुरू करताना
त्या बायकांना कुणी विचारलं नाही,
डोकं ठिकाणावर आहे का म्हणून?"

नाही, म्हटलं. कोण विचारणार?

त्याने इस्त्री उभी केली.
बराच वेळ
नुसती वाफ.